जांभळी रेघ

आंबेखोल घाटातली जांभळी रेघ न दिसणारा माणूस अख्ख्या कासारवाडा आगारात आपण एकटेच आहोत, असं उत्तम चौगल्याला दोन वर्षं वाटत होतं. बाकीचे चालक टपरीवर रेघेचं कौतुक करायला लागले की तोही मान डोलवायचा आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा, "काय लखलखती राव! डोळं मिटून गाडी चालवावी." यातलं शेवटचं वाक्य तरी खोटं नव्हतं. धुकं पडलं की तो जवळजवळ तेच करत होता.

त्या शनिवारी संध्याकाळी तो माडवलीची बस घेऊन घाट उतरत होता. श्रावण चालू होता. दुसऱ्या वळणावर दरीतून धुकं वर आलं आणि बघता बघता काचेपुढं कुणी चादर धरल्यासारखं झालं. त्याची कंडक्टर रुबिना मुजावर तिकिटांचं यंत्र पिशवीत टाकून पुढं आली आणि केबिनच्या दांड्याला टेकून उभी राहिली. तिची नजर बाहेर रस्त्याच्या डाव्या कडेवर होती आणि हात घंटीच्या दोरीवर.

टण.

उत्तमनं गाडी थोडी उजवीकडं, डोंगराच्या अंगाला घेतली.

टणटण.

त्यानं ती पुन्हा डावीकडं आणली. एक टोला म्हणजे कडा जवळ आली, दोन म्हणजे समोरून येणाऱ्याच्या वाटेत गेलास. हा करार दोघांनी कधी बोलून केला नव्हता. रुबिनाच्या पोराला एकदा भरल्या गाडीत फेफरं आलं, तेव्हा उत्तमनं मार्ग सोडून बस थेट दवाखान्याच्या दारात नेली होती आणि नंतर त्याची शिक्षा मुकाट भोगली होती. त्यानंतर रुबिनानं त्याला काही विचारायचं ठेवलंच नव्हतं. पहिल्या धुक्यात तो काचेला नाक लावून गाडी चाचपडत नेताना तिला दिसला आणि तिनं दोरी धरली, एवढंच.

"कंडक्टरबाई, कोण उतरायलंय का हितं?" मागच्या एका आजीनं विचारलं.

"न्हाई आजी. दोरी सैल झालीया जरा."

तिसऱ्या वळणाला सगळे घोड्याचा नाल म्हणत. आषाढात तिथली दरीकडची कडा खचली होती, आणि रस्ता आत घेण्याचं काम चालू होतं. खचलेल्या भागापुढं लोखंडी पिंपं मांडली होती. पिंपांवरच्या पिवळ्या पट्ट्या दिव्यात चमकल्या, आणि तेवढ्यापुरता उत्तमनं सुटकेचा श्वास सोडला. पिवळं त्याला झकास दिसायचं.

माडवलीच्या स्थानकात गाडी लागली. माणसं उतरली. रुबिना उतरली नाही.

"मामा, सोमवारपासनं मी हितल्या तिकीट खिडकीवर. घाटाच्या सगळ्या गाड्या बिनकंडक्टरच्या झाल्या."

"ठाऊक हाय."

"दोरीबी काढणार हायत. आणि धुक्यात दिवे आपसूक मंद होणार, तुमच्या हातात कायबी ऱ्हाणार न्हाई. मग?"

उत्तम चाकावरची धूळ फडक्यानं पुसत बसला.

"ओवीला सांगून टाका, मामा. तुमच्या मागं पन्नास माणसं बसत्यात."

"सांगतो की. उद्या येणारच हाय ती," तो म्हणाला. सांगायचं त्याच्या मनातही होतं, हे इथं त्याच्या बाजूनं म्हटलं पाहिजे.

ओवी म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, आणि ही रेघ तिची. पुण्याच्या एका रस्ता संशोधन केंद्रात ती नोकरीला होती. घाटातून बिनचालकाचे ट्रक जायला लागले, तेव्हा धुक्यात त्यांच्या कॅमेऱ्यांना रस्त्याची कडा कशी दाखवायची हा प्रश्न पुढं आला. धुक्यात आपलाच प्रखर दिवा थेंबांवर आपटून आपल्या डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. त्या भिंतीत कुठलाही रंग बुडून जातो. ओवीच्या गटानं शोधलं ते असं, की गाड्यांच्या पांढऱ्या दिव्यांत निळा भरपूर असतो, पण निळ्याच्याही पलीकडचा गडद जांभळा जवळजवळ नसतोच. मग कडेचे दिवे नेमके त्याच जांभळ्या रंगाचे केले तर? कॅमेऱ्याला बाकीचा उजेड गाळून फक्त तेवढाच रंग टिपायला सांगता येतो. आणि माणसानं आपले मोठे दिवे मंद केले की पांढरी भिंत नाहीशी होते, आणि त्यालाही ती जांभळी माळ दिसते. घाटात पूर्वी जिथं चुना फासलेले दगड होते, त्यांच्याच जागी सुपारीएवढ्या दिव्यांची रांग बसली. जुन्या बसगाड्यांना कॅमेरे लावायला कुणाकडं पैसे नव्हते. त्यांच्या चालकांनी डोळ्यांनी रेघ बघावी आणि गाडी हाकावी, असं ठरलं. ट्रकांच्या कॅमेऱ्यांचा घोटाळा नको म्हणून कडेला रस्त्यात ठोकलेली जुनी, दिव्यात पिवळी चमकणारी बटणं उपटून टाकली.

माणसांवर चाचणी झाली होतीच. ओवी काही हलगर्जी मुलगी नव्हती. पन्नाशीपुढच्या चालकांचा वेगळा गट हवा, हा आग्रह तिचाच, आणि तो गट कासारवाड्याच्या आगारातून घेतला. रात्री गाडीत बसवून घाटातून नेताना प्रत्येकाच्या हातात एक बटण दिलं होतं. वळणावर रेघ दिसायला लागली की दाबायचं, संपली की सोडायचं. उत्तमचा नंबर आला तेव्हा ओवी शेजारी उभी होती, गळ्यात ओळखपत्र, कपाळावर पावसानं चिकटलेले केस.

"दिसतंय ना, पप्पा?"

उत्तमला काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं. त्याला वाटलं, दिवे अजून तापायचे असतील. मग वाटलं, आणखी अंधार झाला की दिसेल. तोवर तोंडातून शब्द गेलाही होता.

"दिसतंय की!"

आणि मग बटण दाबायला डोळे कशाला हवेत? तीस वर्षं तो घाट त्याच्या बुडाखालून गेला होता. कुठली दगडांची रांग कुठं सुरू होते आणि कुठं संपते, हे त्याच्या मनगटाला पाठ होतं. त्याचा निकाल गटात सगळ्यांत चांगला आला. ओवीनं त्या दिवशी त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली, आणि झाकली मूठ तशीच राहिली.

नंतर तो गुपचूप बेळगावला जाऊन आला. कासारवाड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाणं म्हणजे आगारात दवंडी पिटणं. बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तक्ता वाचायला लावला. त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला.

"म्हणूनच दरवर्षीच्या तपासणीत तुम्ही पास होता," त्या म्हणाल्या. "पांढऱ्यावर काळं वाचायला जांभळा लागत नाही. माणसाची कातडी नवी येते, नखं नवी येतात, पण डोळ्यातल्या भिंगाचा गाभा आईच्या पोटात तयार झालेला, तोच शेवटपर्यंत. त्यावर जन्मभर ऊन पडतं. तुमच्यासारखी रक्तात साखर असली तर तीही त्याला चिकटते. पांढरा सदरा वर्षानुवर्षं धुऊन पिवळा पडतो ना, तसं ते भिंग पिवळं पडत जातं. आणि पिवळं भिंग जांभळा आणि निळा उजेड गिळून टाकतं. विशीतल्या पोराच्या डोळ्यात तो जितका आत पोचतो, त्यातला अगदी थोडा तुमच्या पडद्यापर्यंत येतो."

"मग मला इतकी वर्षं कळलं कसं न्हाई?"

"कुणालाच कळत नाही. हे इतकं हळूहळू होतं की मेंदू रोज थोडी थोडी तडजोड करतो. तुम्हाला पांढरं पांढरंच दिसतं."

"चष्म्यानं भागेल?"

"चष्मा उजेड वळवतो. आत गिळलेला उजेड तो कुठून आणणार? भिंग काढून नवं बसवायचं. छोटं ऑपरेशन आहे."

ऑपरेशन छोटं होतं, पण त्याची नोंद परवान्यावर होणार होती. का केलं, कधीपासून दिसत नव्हतं, मग चाचणीत कसं दिसलं, असं एकामागून एक सगळं निघालं असतं आणि शेवटी ओवीच्या दारात जाऊन थांबलं असतं. पुढच्या दिवाळीला तो निवृत्त होणार होता. तोवर रुबिनाची दोरी होती.

रविवारी ओवी पुण्याहून आली. श्रावण म्हणून मटणाचा बेत नव्हता. छायानं, म्हणजे तिच्या आईनं, पोळ्या आणि कटाची आमटी केली होती.

"सणासारखा दिवस आणि काळी साडी कशाला नेसलीस?" उत्तम जेवताना बायकोला म्हणाला.

"काळी?" छायाचा वाढता हात थांबला. "वांगी रंगाची हाय ही! तुम्हीच न्हवं आणली पाडव्याला?"

उत्तमनं हातातला घास ताटात परत ठेवला. ओवी खळखळून हसली. "मम्मी, पप्पांना रंगातलं काय कळतंय! दुकानदारानं बांधून दिली असंल."

वाट मोकळी झाली होती. आता बोलावं म्हणून त्यानं पाण्याचा घोट घेतला, तेवढ्यात ओवीच सांगायला लागली. आणखी अकरा घाटांना रेघ मंजूर झाली होती. प्रकल्पाची प्रमुख म्हणून तिचं नाव पुढं गेलं होतं. "समितीतल्या एकानं शंका काढलेली, वयस्कर लोकांना हा रंग कमी दिसतो म्हणून. पुस्तकात तसं आहेच. म्हटलं, पुस्तक राहू द्या बाजूला, ही खरी माणसं, हा खरा घाट, हे आकडे. पप्पा, तुमचा गट नसता ना, तर रेघ तिथंच फेटाळली असती."

"ओवी, जरा ऐक की," उत्तम म्हणाला.

"काय?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. लहानपणी ती अशीच बघायची. तो कामावरून आला की त्याला गुडघ्यांवर रांगायला लावायची, पाठीवर बसायची आणि बस-बस खेळायची. कंडक्टर गाडीच्या अंगावर हात मारतो तशी पाठीवर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कंबर मोडेस्तोवर तो रांगायचा. या पोरीला त्यानं आजवर कशालाच न्हाई म्हटलं नव्हतं. सायकलीला नाही, पुण्याला नाही, आणि 'दिसतंय ना' लाही नाही.

"मीठ दे," तो म्हणाला.

आमटीत मीठ बरोबर होतं. त्यानं वर आणखी घातलं आणि ती खारट आमटी निमूट संपवली.

सोमवारी आगारात त्याच्या गाडीला झेंडूचा हार घातलेला होता. बिनकंडक्टरची पहिली गाडी, पोरीच्या रेघेवर बापाची फेरी, असा बेत विभागाच्या सबनीस साहेबांनी काढला होता. वार्ताहरानं दोघांचा फोटो घेतला. पोटात दुखतंय म्हणून सांगावं, असं उत्तमला सकाळपासून वाटत होतं. मग त्याच्याच वयाचा चालक बंडा खोत गाडी नेईल, आणि बंडाला रेघ दिसतेही. पण हार आपल्या गाडीला घातलाय, हेही त्याला दिसत होतं. शिवाय पहिली दोन वळणं पाठ होती. नालावर पिंपं होती. त्याच्यापुढं धुकं सहसा उतरत नाही. एवढ्या तीन आधारांवर माणूस स्वतःची समजूत घालू शकतो. त्यानं ती घातली.

संध्याकाळी गाडी सुटली. आत चाळीसेक माणसं असतील. बाजार उरकून निघालेल्या बाया, कॉलेजची पोरं, एक लेकुरवाळी. ओवी त्याच्या मागच्याच आसनावर होती, शेजारी सबनीस साहेब. घाटाच्या तोंडाशी धुकं नव्हतं. पहिल्या वळणाच्या अलीकडं ते आलं आणि त्याच क्षणी गाडीचे मोठे दिवे आपोआप मावळले.

पांढरी भिंत गेली. तिच्या जागी राखेसारखा काळोख आला.

"आई शप्पथ, कसलं भारी!" कॉलेजचा एक पोरगा ओरडला. "ते बघ, नागासारखी गेलीया खाली!"

सगळ्या गाडीनं माना डावीकडं वळवल्या. बाया एकमेकींना दाखवायला लागल्या. उत्तमही तिकडं बघून हसला. तिथं त्याच्यासाठी काहीच नव्हतं. त्यानं पहिलं वळण मनगटावर घेतलं, दुसरंही घेतलं. गाडी इतकी अलगद वळली की सबनीस साहेबांनी टाळी वाजवली. उत्तमच्या पाठीवरून घामाचा ओघळ कमरेपर्यंत गेला होता. आता नाल. आता पिंपं दिसतील. पिवळ्या पट्ट्या, मंद दिव्यात फिक्या दिसतील, पण दिसतील. तो पुढं वाकला. पिंपांची जागा यायला हवी होती. कदाचित जरा पुढं असेल.

"पप्पा, इथली पिंपं काल हलवली बरं का," ओवी मागून म्हणाली. तिचा आवाज लाडात आला होता. "त्या पट्ट्यांनी कॅमेरे फसतात. रेघच आत घेतलीय नवी. बघा, कशी झोकात वळलीय. दिसतंय ना?"

त्याचं मनगट जुन्या रस्त्यानं निघालं होतं. जुना रस्ता आषाढात दरीत गेला होता.

"न्हाई!" उत्तम ओरडला आणि ब्रेकवर उभा राहिला.

माणसं पुढच्या आसनांवर आदळली. कुणाची तरी पिशवी फाटून बटाटे गाडीभर घरंगळले. गाडी थांबली, आणि मग डावीकडचा पुढचा कोपरा सावकाश, वीतभर खाली बसला. खालून खडी घसरल्याचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला.

"पप्पा, रेघ ओलांडली तुम्ही! ही काय, आपल्या उजव्या अंगाला गेली!" ओवी उठून उभी राहिली होती. "दिवे बंद पडले का? न्हाई, चालू हायत... पप्पा?"

"चालूच असतील," उत्तम म्हणाला. त्याचे दोन्ही हात चाकावर होते आणि त्याला ते काढायचं भान नव्हतं. "मला दिसत न्हाईत, ओवी. कधीच दिसले न्हाईत. पहिल्या दिवसापासनं."

तिचा चेहरा त्याला आरशात दिसत होता. त्याला वाटलं, दरीत गेलो असतो तर हा चेहरा बघावा लागला नसता. आणि मग लाज वाटली, कारण मागं लेकुरवाळीचं बाळ रडायला लागलं होतं.

"सगळे खाली उतरा! दार उघडा!" सबनीस साहेब ओरडले.

"दार उघडायचं न्हाई!" उत्तम मागं न बघता गरजला. "दार दरीकडं हाय. कुणी जागचं हलू नका. जे पुढं हायत त्यांनी बसल्या जागी गप बसा. मी गाडी मागं घेतो."

मागं घेणार कशी? मागचं दाखवणाऱ्या आरशांत नुसता कापूस होता. मागं वळण होतं, आणि त्या वळणाची एक बाजू कडा खचल्यावर नव्यानं केलेली. ती त्याच्या मनगटाला माहीत नव्हती. त्याच्या शेजारचं चालकाचं छोटं दार उघडल्याचा आवाज आला. ओवी त्याच्या मागून वळसा घालून, त्याच्या मांडीवरून पाय टाकून बाहेर पडत होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"चाक सरळ धरा," ती खालून म्हणाली. "मी मागं जाते. रेघ मला दिसतीय."

"आवाज यायचा न्हाई मागनं."

"हात मारते गाडीवर."

ती धुक्यात गेली. उत्तमनं पायाचा अंगठा ब्रेकवर रोवला आणि कान मागं लावला. बाळाच्या आईनं त्याला पदराखाली घेतलं होतं.

मागच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या.

चल.

त्यानं गाडी मागं सोडली. पुढचं चाक खडीत फिरलं, घसरलं, पुन्हा फिरलं. कोपरा आणखी थोडा खाली गेला आणि एका बाईनं देवाचं नाव घेतलं. पुन्हा दोन थापा, जोरात. त्यानं जोर वाढवला. चाकानं कशाला तरी दात लावले, गाडी कण्हली आणि वर चढली.

एक थाप.

तो थांबला. "चाक उजवीकडं वळवा," ती खिडकीशी धावत येऊन म्हणाली, आणि मागं गेल्यावर पुन्हा दोन थापा पडल्या. अशी ती गाडी हातभर, दोन हात करत मागं आली. शेवटची थाप पडली ती अगदी त्याच्या दाराशी. चारही चाकं डांबरावर होती. गाडीत कुणीतरी रडत होतं, कुणीतरी हसत होतं, आणि कॉलेजचा तो पोरगा खाली वाकून बटाटे गोळा करत होता.

वळणावर थांबून राहणंही बरं नव्हतं, खालून ट्रक येत होते. ओवी परत आत आली. ती आसनावर बसली नाही. त्याच्या मागं उभी राहिली, बाहेर रेघेकडं बघत, आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी धुकं पायथ्यापर्यंत उतरलं होतं; उरलेल्या घाटभर ती त्याच्या पाठीवर थापा मारत होती, थाप डाव्या अंगाला पडली की डावीकडं, उजव्या अंगाला पडली की उजवीकडं. त्या लाडाच्या नव्हत्या. उत्तमनं त्यांच्यावर गाडी खाली आणली.

माडवलीला प्रवासी उतरून गेल्यावर सबनीस साहेब दोघांना बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा, झालं ते झालं. सुदैवानं कुणाला काही लागलं नाही. चौगले, तुम्हाला एकट्याला ही अडचण आहे. तुम्ही घाटावरून उतरा, हवं तर पन्नाशीपुढचे सगळेच चालक बदलू. बाई, तुमची रेघ उत्तम आहे. अकरा घाटांची मंजुरी उगाच पाण्यात घालू नका."

ओवी तिकीट खिडकीकडं बघत होती. रुबिना खिडकी सोडून धावत बाहेर आली होती आणि उत्तमचा चेहरा बघून दूरच थांबली होती.

"रुबिनाताई," ओवी म्हणाली, "पप्पांना दिसत नव्हतं, तर दोन वर्षं गाडी कशी चालली?"

रुबिनानं उत्तमकडं पाहिलं. त्यानं मानेनंच हो म्हटलं.

"मी घंटी द्यायचे."

"फक्त पप्पांच्या गाडीवर?"

रुबिना दोन पावलं जवळ आली. "बंडामामांच्या गाडीवर सुरेखा असती. प्रवासी विचारतात तवा तीबी सांगती, दोरी सैल झालीया म्हणून." मग तिनं खाली मान घातली. "आमच्या आगारात लई गाड्यांच्या दोऱ्या सैल हायत, ओवी."

उत्तम बाकड्यावर बसला. बंडा खोत टपरीवर रेघेचं गुणगान करताना त्याला आठवला, हातवारे करून. बंडाला दिसतं आणि आपल्याला नाही, या एका विचारानं त्यानं कितीतरी रात्री कूस बदलत काढल्या होत्या. आणि बंडानंही तशाच काढल्या असणार. सगळ्यांचं मनगट पाठ, सगळ्यांच्या मागं एक तरणी कंडक्टर, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द. हसावं की रडावं ते त्याला कळेना.

"साहेब," ओवी सबनीसांकडं वळली, "घाटानं नुसती तुमची बस जात नाही. म्हातारी माणसं स्वतःची मोटार काढून दवाखान्याला जातात. त्यांच्या कडेची पिवळी बटणं मी उपटली. त्यांची दोरी कोण ओढणार?" तिचा आवाज इथं फुटला, पण ती थांबली नाही. "मी आज रात्री पुण्याला कळवते. माझे आकडे खोटे आहेत."

"बाई, तुमचं नाव जाईल."

"जाईल," ती म्हणाली.

परत वर जाताना दोघं एकाच गाडीत होते, दुसऱ्याच कुणी चालवलेल्या. बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मी मधनंच दिवे बंद करून विचारायला पाहिजे होतं. शिकवलेलं असतं आम्हाला. पण समोर तुम्ही होता. तुम्हाला कसलं पारखायचं, असं वाटलं."

उत्तम पुढं चाकावर फिरणाऱ्या दुसऱ्याच्या हातांकडं बघत राहिला.

अकरा घाटांची मंजुरी थांबली. आंबेखोलात रेघेच्या जोडीनं पिवळे दिवे बसवायचे ठरले, आणि प्रमुखपदी दुसऱ्याच कुणाचं नाव आलं. ओवीला चाचणी पुन्हा करायला तेवढी मुभा मिळाली. दोन आठवड्यांनी एका तिन्हीसांजेला आगाराच्या मागच्या पटांगणात तिनं भिंतीशी दिव्यांची पट्टी मांडली. बाकड्यावर कासारवाड्याचे पन्नाशीपुढचे चालक बसले होते, कुणी नखं बघत, कुणी आभाळ. पुढं यायला कुणी तयार नव्हतं. उत्तम उठला आणि खुर्चीवर जाऊन बसला.

"या खेपेला मधनंच दिवे बंद ठेवणार हाय मी," ओवी म्हणाली.

"ठेव की. मला काय फरक पडतोय?"

बाकड्यावर कुणीतरी फिसकन हसलं. ओवी हसली नाही. तिनं बटण दाबलं.

"दिसतंय?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई, पोरी."

एकेक न्हाई म्हणताना त्याला वाटत होतं, पायातला काटा कुणी सुईनं काढतंय. दुखत होतं आणि बरं वाटत होतं. मागून बंडा खोताचा आवाज आला, "माझंबी न्हाईच लिव्ह, ओवी. उगं बसवून ठेवू नगंस." त्यावर मात्र सगळं बाकडं हसलं, आणि एकेक जण पुढं सरकून बसला.

ओवीनं आता जांभळ्याच्या जागी पिवळा दिवा लावला.

"आता?"

"आता दिसतंय की!" उत्तम म्हणाला. अगदी तसंच, दोन वर्षांपूर्वीसारखं.

तिचा हात थांबला. तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि नजर न काढता दिवा बंद केला.

"आणि आता?"

उत्तमला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

"आता न्हाई," तो म्हणाला.

तेव्हा कुठं तिनं ते लिहून घेतलं.